जिंकूनही शिव्या: ट्रँगलमधल्या मराठी बास्केटबॉलप्रेमींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला आपला ट्रँगल, म्हणजे कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स, रॉली, डरहॅम आणि चॅपल हिल, या भागातल्या आपल्या बास्केटबॉल ग्रुपच्या चालकांना आणि सगळ्या सभासदांना हे पत्र आहे. खरं तर ग्रुपवरच लिहिणार होते. पण मंगळवारी दुपारी तिथे 'या विषयावरची चर्चा आता बंद' अशी सूचना आली. विषय ग्रुपपुरता राहिलेलाही नाही, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

सोमवारी रात्री आपला संघ सीझनचा पहिला सामना ८१-६७ असा जिंकला. संघाचं नाव मी इथे घेणार नाही, आणि ज्या मुलासाठी हे सगळं लिहिते आहे त्याचंही नाही. त्याच्या नावापुढे लोकांनी आधीच खूप काही लिहून ठेवलं आहे. तो पॉइंट गार्ड आहे, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारा. वय अठरा. कॉलेजात येऊन जेमतेम तीन महिने झालेले. सामना संपायला अकरा सेकंद उरले होते, आपण चौदा गुणांनी पुढे होतो, दमलेल्या बचावपटूचा हात त्याच्या मनगटावर लागला आणि त्याला दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे कुणीही न अडवता एकेका गुणासाठी चेंडू टाकायच्या दोन संधी. समोरच्या संघाचे राखीव खेळाडू हस्तांदोलनासाठी बाकावरून उठलेसुद्धा होते. पहिला चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर आला, दुसरा पुढच्या कडेला. मुलाने खांदे उडवले, हसला आणि बचावाला परत पळाला. सामना तर जिंकलेलाच होता.

पण सट्ट्यात संघावर साडेपंधरा गुणांचा स्प्रेड लागला होता, म्हणजे ज्यांनी आपल्या संघावर पैसे लावले त्यांना किमान सोळा गुणांनी जिंकायला हवं होतं. आणि त्या मुलाच्या स्वतःच्या गुणांवर साडेअकराची रेषा होती, म्हणजे पैज जमायला त्याचे किमान बारा हवे होते. त्याचे झाले दहा. दोन्ही फ्री थ्रो पडले असते तर दोन्ही पैजा जमल्या असत्या. त्या पंधरा मिनिटांत आपल्या ग्रुपवर जे आलं त्यात 'जिंकलो' हा शब्द मला दोनदा दिसला. बाकी सगळा हिशेब होता, आणि शिव्या होत्या.

एका सभासदाने इन्स्टाग्रामवर त्या मुलालाच थेट मेसेज पाठवला. 'तुझ्यामुळे माझे चारशे डॉलर गेले, तू या कॉलेजच्या लायकीचा नाहीस', आणि त्यापुढे त्याच्या आईबद्दल एक वाक्य, जे मी इथे लिहिणार नाही. मग त्याचा स्क्रीनशॉट त्यांनी ग्रुपवर टाकला. हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यात शाळेत शिकणारी दोन मुलं होती.

मी आणि आणखी तिघांनी आक्षेप घेतला. त्यावर चालकांचं उत्तर आलं, की खेळ म्हटला की भावना आल्याच, उगाच पराचा कावळा करू नका, ज्यांना झेपत नाही त्यांनी ग्रुप म्यूट करावा. आणि त्याच दिवशी दुसरी घोषणा झाली: या सीझनला प्रत्येक सामन्यासाठी वीस-वीस डॉलर काढून पूल चालवायचा, कोणता खेळाडू किती गुण आणि किती रिबाउंड (म्हणजे हुकलेले चेंडू पकडणं) करणार यावर, आणि 'कॉलेजमधली आपली मुलंही भाग घेऊ शकतात'. या दोन्ही निर्णयांवर मला मूग गिळून बसता येणार नाही.

माझा यात संबंध काय, तेही सांगते. मी पुण्यात कॉलेजकडून बास्केटबॉल खेळले, सिमेंटच्या कोर्टवर, मार्चच्या उन्हात, जिथे पडलं की गुडघ्याची सालं निघायची. इथे आल्यावर ज्या एका गोष्टीमुळे हे गाव मला आपलं वाटायला लागलं ती म्हणजे कॉलेज बास्केटबॉल. नोव्हेंबर ते मार्च शेजारी, सहकारी, किराणा दुकानातला माणूस, सगळ्यांशी बोलायला एक विषय मिळतो. माझा मुलगा पुढे याच संघाचा स्टुडंट मॅनेजर झाला. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ही मुलं पहाटे जिममध्ये येतात, नेमबाजीचा सराव करणाऱ्यांना चेंडू परत फेकत राहतात, पाण्याच्या बाटल्या भरतात, सामन्यात कोणी पडलं की टॉवेल घेऊन धावत जाऊन फरशीवरचा घाम पुसतात. टीव्हीवर ती एक-दोन सेकंद दिसतात.

त्याने एकदा मला सांगितलेलं मी विसरू शकत नाही. सामना संपल्यावर खेळाडू बाकावर बसतो, दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या, त्या प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून गुंडाळलेल्या, त्यामुळे तो उठू शकत नाही. वीस मिनिटं तसंच बसायचं असतं. हातात फोन. सगळ्यात वर आईचा मेसेज असतो, मग भावाचा, मग अनोळखी माणसांचे. अंगठा खाली खाली जात राहतो. 'आई, तो वाचताना तोंडावरून काही कळत नाही,' मुलगा म्हणाला होता, 'पण नंतर तो बोलायचा बंद होतो.' सोमवारी आपल्यातल्या एकाचा मेसेज त्या रांगेत होता.

आता माझे आक्षेप.

पराभवानंतरचा राग मी समजू शकते. आपण तो लहानपणापासून पाहिला आहे. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य फेरी, श्रीलंकेसमोर एकामागून एक विकेट जात होत्या, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या, सामना थांबवून श्रीलंकेला विजयी ठरवावं लागलं, आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. त्या रात्री आपल्या घराघरांत लोकांना त्या प्रेक्षकांची लाज वाटली होती. पण निदान त्या रागाच्या मुळाशी संघ हरल्याचं दुःख होतं. सोमवारी आपला संघ जिंकला होता. जिंकलेल्या संघातल्या पोराला शिव्या घालणाऱ्या माणसाचं नेमकं काय हरलं? त्याची पैज. मग राग त्याने ज्या कंपनीकडे पैसे लावले तिच्यावर काढावा, किंवा लावणाऱ्या स्वतःच्या बोटावर काढावा. हे तर वड्याचं तेल वांग्यावर झालं.

आणि हे काही आपल्या ग्रुपपासून सुरू झालेलं नाही, म्हणून तर मला जास्त काळजी वाटते. आपल्या राज्यात मोबाइलवरून सट्टा ११ मार्च २०२४ ला कायदेशीर झाला. २३ मार्चला शार्लटमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत चॅपल हिलच्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या, संघाने मिशिगन स्टेटला ८५-६९ असं हरवलं आणि पुढची फेरी गाठली. अरमांडो बेकॉट, ज्याच्या नावावर त्या विद्यापीठाच्या इतिहासातले सर्वाधिक रिबाउंड आहेत, त्याने पुढच्या सामन्याआधी पत्रकारांना सांगितलं, की त्या रात्री त्याला शंभरहून जास्त मेसेज आले, तू बेकार खेळलास म्हणून. कारण काय, तर त्याचे रिबाउंड लोकांच्या पैजेपेक्षा कमी पडले. संघ सोळा गुणांनी जिंकला होता! तेव्हा ती बातमी आपल्याच ग्रुपवर फिरली होती आणि 'काय लोक असतात' असं आपणच लिहिलं होतं.

ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून सट्टा सुरू झाला आणि त्याच महिन्यात तिथल्या डेटन विद्यापीठाचे कोच अँथनी ग्रँट यांना आपल्या मुलांना येणाऱ्या मेसेजबद्दल जाहीरपणे बोलावं लागलं. पुढे मार्च २०२४ मध्ये कॉलेज खेळांची देशपातळीवरची संघटना एनसीएए, तिचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी सगळ्या राज्यांना विनंती केली, की कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक आकड्यांवर पैजा घेणं बंद करा. ओहायो, मेरीलँड, व्हर्मॉन्ट आणि लुइझियाना या राज्यांनी, काहींनी त्याआधीच तर काहींनी नंतर, तसं केलंही. म्हणजे ज्या प्रकारच्या पैजा चार-चार राज्यं मुलांच्या रक्षणासाठी बंद करतात, नेमक्या त्याच प्रकारच्या पैजांचा पूल आपण घरगुती पद्धतीने सुरू करतो आहोत.

या पूलबद्दल आणखी एक. नॉर्थ कॅरोलायनात क्रीडा सट्ट्यासाठी किमान वय २१ आहे. कॉलेजातली आपली बहुतेक मुलं त्याखालची आहेत. त्यांच्याकडून वीस डॉलर घेऊन ते कुणा काकांच्या खात्यात जमा करायचे, आणि वर त्याला 'गंमत' म्हणायचं? भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला तेव्हा आपल्या दिवाळी फराळाच्या पंगतीत त्याचं कौतुक करणारे किती जण होते, ते मला आठवतं. तिकडच्या पुतण्या-भाच्यांनी पैसे लावू नयेत आणि इथल्या आपल्या पोरांनी लावावेत, हे कुठलं गणित?

काही जण म्हणतील, वीस डॉलरने काय होतंय. त्यांना मी याच ट्रँगलचा इतिहास सांगते. १९४९ पासून दर नाताळात रॉलीच्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये 'डिक्सी क्लासिक' नावाची स्पर्धा भरायची. रॉलीतल्याच एन. सी. स्टेट विद्यापीठाचे कोच एव्हरेट केस यांनी ती सुरू केली. इथले चार मोठे संघ आणि बाहेरून आलेले चार, तीन दिवस, खचाखच गर्दी. हे राज्य बास्केटबॉलवेडं झालं ते बरंचसं या स्पर्धेमुळे. १९६१ मध्ये उघड झालं, की एन. सी. स्टेट आणि चॅपल हिलचे काही खेळाडू सट्टेबाजांच्या नादी लागून गुणांचा फरक कमी-जास्त करत होते. सामना हरायचा नाही, फक्त ठरलेल्या फरकापेक्षा कमी फरकाने जिंकायचं. विद्यापीठ व्यवस्थेचे अध्यक्ष विल्यम फ्रायडे यांनी स्पर्धाच बंद करून टाकली. ती पुन्हा कधी भरली नाही. त्याच्या दहा वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये सिटी कॉलेजच्या संघाचं तेच झालं होतं. १९५० मध्ये एनआयटी आणि एनसीएए अशा देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकणारा तो संघ, पुढच्या वर्षी त्याच्या खेळाडूंना अटक झाली. तेव्हा हा रोग 'जिंकलात ते ठीक, पण कितीने?' या एकाच प्रश्नातून शिरला होता. सोमवारी रात्री आपल्या ग्रुपवर तोच प्रश्न चालू होता.

आता 'त्यांना पैसे मिळतात, मग ऐकून घ्यावंच लागेल' हा युक्तिवाद. मंगळवारी हे वाक्य किमान चार वेगवेगळ्या माणसांनी लिहिलं. बरोबर आहे, जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि पहिल्या, २०२५-२६ या वर्षासाठी त्याची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. हे पैसे सगळ्यांना सारखे मिळत नाहीत, बाकाच्या टोकाला बसणाऱ्या मुलाच्या वाट्याला फारसं काही येत नाही, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. समजा त्या अठरा वर्षांच्या मुलाला भरपूर पैसे मिळतात. तुम्हालाही नोकरीत पगार मिळतो. उद्या तुमच्या कोडमध्ये बग निघाला तर ज्याचं नुकसान झालं त्याने तुमच्या आईबद्दल लिहिलेलं तुम्ही पगारात धरून चालाल का? त्याच्या नेमबाजीवर टीका करा, जरूर करा. मी स्वतः म्हणेन, की डाव्या हाताने तो अजून कच्चा आहे आणि दबाव आला की चेंडू फार वेळ धरून ठेवतो. पण ही टीका आपण आपसात करतो. ती त्याच्या फोनमध्ये नेऊन टाकणं वेगळं, आणि आईवरून शिवी त्याहून वेगळी.

आपल्यातल्या कित्येकांची मुलं याच वयाची आहेत. ऑगस्टमध्ये आपण त्यांना हॉस्टेलवर सोडून आलो, गाडीत बसल्यावर रडलो, अजूनही रात्री जेवलास का म्हणून विचारतो. त्या मुलाच्या आईनेही ऑगस्टमध्येच त्याला सोडलं.

समोरच्या संघाबद्दल जे बोललं गेलं, तेही मला खटकलं. 'हे कुठलं कॉलेज, यांना हरवण्यात काय मर्दुमकी.' सीझनच्या सुरुवातीला मोठी विद्यापीठं छोट्या कॉलेजांना पैसे देऊन आपल्या कोर्टवर खेळायला बोलावतात, हे आपल्याला माहीत आहे. छोटी कॉलेजं त्या पैशांवर आपला खेळ चालवतात. ती मुलं बसने प्रवास करून येतात, दहापैकी नऊ वेळा हरणार हे ठाऊक असूनही चाळीस मिनिटं जीव तोडून खेळतात. आणि कधी कधी जिंकतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये इव्हान्सव्हिल या छोट्या विद्यापीठाच्या संघाला केंटकी विद्यापीठाने ९० हजार डॉलर देऊन बोलावलं आणि तो संघ पहिल्या क्रमांकाच्या केंटकीला त्यांच्याच घरी ६७-६४ ने हरवून गेला. समोरच्याला कचरा म्हणणाऱ्याने निदान एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आणि डरहॅममध्ये राहून असं बोलणाऱ्यांना तर एक गोष्ट माहीत असायलाच हवी. आज ज्याला नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी म्हणतात त्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात जॉन मॅकलेंडन नावाचे कोच होते. बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ कॅन्ससमध्ये त्यांचे गुरू होते, पण वर्णभेदामुळे तिथल्या संघात मात्र मॅकलेंडनना खेळता आलं नाही. १२ मार्च १९४४ ला, रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, त्यांच्या संघाने डरहॅममधल्याच ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमधल्या गोऱ्या खेळाडूंशी सामना खेळला. त्या काळी तो बेकायदा होता. जिमची दारं आतून बंद केली, प्रेक्षकांना मज्जाव केला. मॅकलेंडनचा संघ ८८-४४ असा जिंकला. ज्या गावात हा खेळ एकत्र खेळण्यासाठी माणसांना दारं लावून घ्यावी लागली, त्या गावात उघड्या दाराने, तिकीट काढून, गोऱ्या-काळ्या-सावळ्या सगळ्यांच्या शेजारी बसून आपण सामना पाहतो. त्या खुर्चीत बसून लहान कॉलेजच्या पोरांना कचरा म्हणायला जीभ रेटते तरी कशी?

चाहते चुकतात, आणि चाहते बरोबरही वागतात. दोन्हीची उदाहरणं इथेच आहेत.

जानेवारी १९६५. वेक फॉरेस्टकडून हरून चॅपल हिलच्या संघाची बस रात्री परत आली, तर समोर झाडाला त्यांचे कोच डीन स्मिथ यांचा पुतळा फासावर लटकवलेला. आपल्याच विद्यार्थ्यांनी. स्मिथ तेव्हा तरुण होते, १९६१ च्या त्या सट्टा प्रकरणाच्या पडझडीत त्यांच्याकडे संघ आला होता. संघातला खेळाडू बिली कनिंगहॅम बसमधून उतरला आणि त्याने तो पुतळा ओढून खाली काढला. मला या गोष्टीत कनिंगहॅम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याने भाषण केलं नाही; जे लटकत होतं ते काढलं. पुढे स्मिथ यांनी ८७९ सामने जिंकले, १९८२ आणि १९९३ ची विजेतेपदं मिळवली. गुण करणाऱ्याने ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं, ही पद्धत त्यांनी रुजवली. २०१५ मध्ये ते गेले तेव्हा कळलं, की मृत्युपत्रात त्यांनी आपल्या प्रत्येक जुन्या खेळाडूसाठी दोनशे डॉलर ठेवले होते, बाहेर छान जेवायला म्हणून. कोचला फासावर चढवणारी ती मुलं पुढे याच माणसाच्या नावाच्या सभागृहात आपल्या नातवंडांना घेऊन गेली असतील.

डरहॅमचं उदाहरण तर ताजं आहे. २६ नोव्हेंबर २०१९, ड्यूकचं घरचं मैदान कॅमेरॉन इनडोअर. टेक्ससमधल्या स्टीफन एफ. ऑस्टिन या छोट्या विद्यापीठाने पहिल्या क्रमांकाच्या ड्यूकला जादा वेळेत ८५-८३ असं हरवलं. शेवटच्या क्षणी धावत जाऊन बास्केट करणारा नेथन बेन बहामाचा. डोरियन चक्रीवादळात त्याच्या कुटुंबाची वाताहत झाली होती, मदतीसाठी कॉलेजने वर्गणी मागितली होती आणि ती फारशी जमली नव्हती. त्या सामन्यानंतर रक्कम लाखावर डॉलर गेली, आणि पैसे पाठवणाऱ्यांत ड्यूकचे चाहतेही होते. आपल्याच संघाला आपल्याच घरी हरवणाऱ्या मुलासाठी! ड्यूकवर माझं प्रेम नाही, हे तुम्हाला माहीत आहे, पण त्या चाहत्यांपुढे मी मान झुकवते. आपणही अनोळखी खेळाडूच्या फोनवर काहीतरी पाठवलंच. काय पाठवलं ते वर लिहिलं आहे.

चालकांना एक थेट सांगायचं आहे. तुम्ही हा ग्रुप उभा केलात, सामने एकत्र पाहायची सवय लावलीत, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना नियम समजावून सांगितलेत, हिवाळ्यात एकट्या पडलेल्या कित्येक जणांना यामुळे माणसं मिळाली. म्हणूनच तुमचं 'म्यूट करा' मला जास्त लागलं. ज्याने शिवी दिली त्याला तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आणि ज्यांनी हरकत घेतली त्यांना दार दाखवलंत. 'कुणाच्या वैयक्तिक मेसेजशी ग्रुपचा संबंध नाही' असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. स्क्रीनशॉट ग्रुपवर आला, ग्रुपवर साजरा झाला, तेव्हा तो ग्रुपचा झाला.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ज्यांनी मेसेज पाठवला त्यांनी तो काढून टाकावा आणि ग्रुपवर, मराठीत, स्पष्ट शब्दांत चूक कबूल करावी. त्या मुलाला मात्र माफीचाही मेसेज पाठवू नये. त्याला आपल्याकडून आणखी काहीही यायला नको आहे. माफी मागायची असेल तर कागदावर पत्र लिहून, खाली स्वतःचं नाव घालून, संघाच्या कार्यालयाकडे द्यावं. ते त्याला द्यायचं की नाही हे त्याचे कोच ठरवतील.

पूल रद्द व्हावा. जमा झालेले पैसे सगळ्यांना परत मिळावेत, आणि २१ वर्षांखालच्या मुलांचे आधी, आजच. मोठ्या माणसांनी स्वतःच्या पैशाने कायदेशीर काय करायचं तो त्यांचा प्रश्न आहे. आपल्या नावाखाली आणि आपल्या मुलांसमोर ते नको.

ग्रुपचा एक लेखी नियम असावा: कुठल्याही खेळाडूला, आपल्या किंवा समोरच्या, थेट मेसेज करायचा नाही, टॅग करून अपमान करायचा नाही. मुलांच्या आणि मुलींच्या संघांना हा नियम सारखाच. जो मोडेल तो त्या सीझनपुरता बाहेर, मग तो कुणाचाही दादा असो वा काका.

आणि चर्चा बंदची सूचना मागे घ्यावी. माझं म्हणणं ज्यांना पटत नाही त्यांनी तिथे येऊन सांगावं, मी उत्तर देईन.

आपल्या घरात सामने पाहायला मी दरवर्षी बोलावते, यंदाही बोलावणार आहे. मिसळ असेल, लहान मुलांसाठी खाली वेगळी खोली असेल. पूलचा हिशेब माझ्या घरात होणार नाही. माझ्या सीझन तिकिटांपैकी एक जागा या महिन्यात मोकळी आहे. ज्या दोन शाळकरी मुलांनी सोमवारी हसणारी तोंडं टाकली, त्यांच्या आईवडिलांची हरकत नसेल तर त्यांना मी एकेका सामन्याला नेईन. कोर्टाच्या इतक्या जवळ बसलं की खेळाडूंचा श्वास ऐकू येतो, आणि ती किती लहान आहेत तेही दिसतं.

पुढचा सामना शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आहे. त्याआधी चालकांनी ग्रुपवर उत्तर द्यावं, अशी विनंती आहे. तो मुलगा शुक्रवारीही सुरुवातीपासून खेळेल अशी आशा आहे. फ्री थ्रोच्या रेषेवर तो येईल तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवणार आहे, चेंडू पडो वा न पडो. तुम्हीही या.

आपली,
मॉरिसव्हिलची एक सीझन तिकीटधारक